बोंगच्या वर्गात

सिएम रीप, कंबोडिया, रविवार रात्र

इंग्रजीच्या तासाला मी 'बस' म्हटलं की मुलं 'बह' म्हणतात. 'हाऊस'चं 'हाऊह' होतं. ख्मेरमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत, शब्दाच्या शेवटी लिहिलेला 'स' बोलताना 'ह'सारखा विरून जातो, त्यामुळे चूक मुलांच्या कानाची नाही आणि जिभेचीही नाही. प्रशिक्षणात शिकवलं होतं तसं मी त्यांना तोंडासमोर तळहात धरून 'स'ची हवा जाणवून घ्यायला लावलं. सुटा 'स' छान यायचा, शब्दात गेला की पुन्हा गायब.

परवा बोंगनी खडू हातात घेतला. बोंग म्हणजे या वर्गाच्या मूळ शिक्षिका. माझ्यापेक्षा मोठ्या, म्हणून मी त्यांना 'बोंग' म्हणते. इथे ताईला आणि दादाला हाच शब्द. त्यांनी फळ्यावर 'बस इज बिग' लिहिलं आणि 'स'खालून पुढच्या शब्दापर्यंत एक कमान काढली. 'ब–सिज–बिग.' ख्मेरमध्ये सुरुवातीचा 'स' आहेच, तिथे कुणी अडत नाही. मुलांनी दोन-तीनदा म्हटलं आणि 'स' जागेवर बसला. मग बोंगनी हळूहळू पुढचे शब्द पुसत नेले. शेवटी नुसतं 'बस' उरलं, तेही पूर्ण.

ही युक्ती मला सुचणं शक्य नव्हतं. बोंगना सुचली, कारण हाच 'स' त्यांनी स्वतः मोठेपणी कमावलाय. त्यांच्या शाळेच्या काळात, म्हणजे 1980च्या दशकात, इथे परकी भाषा म्हणून व्हिएतनामी आणि रशियन शिकवत. इंग्रजी उघडपणे शिकायची सोय नव्हती. त्याआधी 1975 ते 1979 ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट गटाची राजवट. शाळा बंद, आणि शिकलेली माणसं वेचून मारलेली. नॉम पेन्हमधलं तुओल स्लेंगचं छळकेंद्र तर एका शाळेच्याच इमारतीत होतं. जे थोडे शिक्षक वाचले त्यांनी शाळा पुन्हा उभ्या केल्या. 1992-93मध्ये संयुक्त राष्ट्रांची माणसं आली तेव्हा इंग्रजीला एकदम मागणी आली. 1999मध्ये कंबोडिया आसियानमध्ये, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेत गेला. तिथलं सगळं कामकाज इंग्रजीत. आणि या गावाला तर अंगकोरची प्राचीन मंदिरं लागूनच. इंग्रजी येणाऱ्याला हॉटेलात, गाईडच्या कामात जागा मिळते, हे आमच्या वर्गातल्या सगळ्यात लहान मुलीलाही ठाऊक आहे.

एवढं सगळं पार करून बोंग या फळ्यापाशी पोचल्या आहेत. मी त्यांना बाजूला सारून वर्ग ताब्यात घ्यावा, हे मला कधीच पटलं नसतं. म्हणून यायच्या आधीच मला स्वयंसेविका म्हणून पाठवणाऱ्या संस्थेला अट घातली होती, की स्थानिक शिक्षिका असेल तिथेच मला द्या. मी तिच्या जोडीला राहीन, तिच्या जागी नाही. अनाथालयातलं काम तर सरळ नाकारलं. इथल्या अनाथालयांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि स्वयंसेवकांचा ओघ वाढला तशी ही घरंही वाढली. दर काही आठवड्यांनी नवा चेहरा येतो, लळा लावतो आणि निघून जातो. लहान मुलांना हे पुन्हा पुन्हा सोसायला लावणं मला क्रूर वाटतं. हेतू कितीही चांगला असो.

शाळा दोन पाळ्यांत भरते. सकाळची मुलं निघाली की दुपारची येतात, बाकं तीच. मधल्या वेळात आम्ही दोघी वह्या तपासतो. सुरुवातीला बऱ्याच वह्यांत इंग्रजी शब्द एकमेकांना चिकटलेले दिसायचे. ख्मेर लिहिताना दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, वाक्याचा एक तुकडा संपला की सोडतात. मग मुलांना शब्दामागे बोट ठेवून पुढचा शब्द लिहायची सवय लावली.

क्रियापदाचं मात्र अजून जमत नाही. ख्मेरमध्ये ते काळाप्रमाणे बदलत नाही. 'काल' म्हटलं की काम भागतं. त्यामुळे 'यस्टर्डे आय गो' त्यांना अगदी बिनचूक वाटतं. सध्या मी ते चालवून घेते. मुलं बोलताहेत, तेव्हा मध्येच तोडावंसं वाटत नाही.

दुपारी सुटताना चार-पाच जणी थांबतात आणि मला अक्षरं शिकवतात. पहिल्या दिवशी त्यांनी सुरू केलं, 'कॉ, खॉ, को, खो, ङो', आणि मला भरूनच आलं. क-वर्ग, मग च-वर्ग, ट, त, प, सगळं आपल्याच क्रमाने. दक्षिण भारतातल्या पल्लवांच्या लिपीतून आलेली ही अक्षरं. सापडलेला सगळ्यात जुना, साल कोरलेला ख्मेर शिलालेख 611चा आहे. आकार ओळखीचे नाहीत, क्रम मात्र तोंडपाठ. माझी वेलांटी चुकली की त्या मला इंग्रजीतून समजावतात. वर्गात पुटपुटणारी मुलगी इथे ठणकावून 'नो, नो, टीचर, लुक' म्हणते. अख्ख्या तासात येत नाही एवढं इंग्रजी तिच्या तोंडी या वेळात येतं.

नोकरी सोडून आले तेव्हा परत गेल्यावर नोकरीतल्या या खंडाचं काय सांगणार, असं खूप जणांनी विचारलं. मी काम सांगेन. तेवढं पुरेसं आहे.

पुढच्या आठवड्यापासून तास पूर्णपणे बोंग घेणार. त्यांना संभाषणाची भीती वाटायची, ती आता खूपच कमी झालीय. मी मागच्या बाकावर बसून टिपणं काढेन. त्यांच्या फोनमध्ये सगळे धडे माझ्या आवाजात भरून झालेत, पण काल त्या म्हणाल्या की थोडे त्यांच्याही आवाजात करूया, मुलांना ते जवळचे वाटतील. मला फार आनंद झाला.

मैत्रिणीचा मेसेज आलाय, तिलाही यायचंय. तिला उद्या सविस्तर लिहायचं आहे. पर्यटनाच्या व्हिसावर शिकवायला येऊ नकोस, 'ई' वर्गाचा घे. 120 तासांचा टेफल, म्हणजे परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा कोर्स कर, पण ज्यात प्रत्यक्ष वर्ग घ्यायला लावतात असाच. पैसे घेणारी संस्था असेल तर त्यातले शाळेला किती जातात ते लेखी माग. मुलांजवळ सोडण्याआधी त्यांनी तुझी पोलीस पडताळणी मागितली नाही, तर तिथे जाऊच नकोस. आणि सगळ्यात आधी हे विचार, की तू यायच्या आधी त्या वर्गाला कोण शिकवत होतं, आणि तू आल्यावर ती शिक्षिका कुठे असेल.