तुम्ही विचारलंत म्हणून : घरात तेलुगू, मग कविता मराठीत कशी?

कविसंमेलन संपतं, चहा-बिस्किटं येतात आणि कुणीतरी कपातून तोंड वर काढून विचारतंच, "मॅडम, आडनावावरून तुम्ही पद्मशाली दिसता. घरात तेलुगू बोलत असणार. मग कविता मराठीत कशी काय?"

विचारणाऱ्याला बहुतेकदा कौतुकच वाटत असतं. आमच्याच तेलुगू विणकर समाजातलं कुणी विचारतं तेव्हा मात्र त्यात बारीकशी तक्रार असते, की आईची भाषा सोडलीस. इतकी वर्षं मी हसून वेळ मारून नेली. आता नीट सांगते.

मला तेलुगू लिहिता येत नाही. वाचताही येत नाही. झालं, एवढंच उत्तर आहे.

आजोबा निजामाच्या तेलंगणातून सोलापुरात आले ते मागावर काम करायला. नायना, म्हणजे माझे वडील, पॉवरलूमवर चादरी विणायचे. मला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा गावात तेलुगू माध्यमाच्या शाळाही होत्या. पण रेशनचा फॉर्म, लाइट बिलाची नोटीस, कचेरीतलं पत्र सगळं मराठीत येणार, ते वाचायला घरात कुणीतरी हवं, असा त्यांचा हिशोब. म्हणून मी मराठी शाळेत गेले. पाटीवर पहिल्यांदा 'ग' काढला तो गमभनचा. तेलुगू कानात राहिली, हातात कधी उतरलीच नाही. आणि कविता मला हातानं करावी लागते. खोडल्याशिवाय जमत नाही.

आईचं तसं नाही. बतुकम्माचा सण आला की फुलांची उतरंड रचून तिच्याभोवती बायका फेर धरतात, टाळ्यांवर गाणी म्हणतात, ओळीच्या शेवटी 'उय्यालो' येतं. आईला अशी कितीतरी गाणी येतात, एकही कुठे लिहिलेलं नाही. घरात कवी म्हणायचं तर तीच. मी आपली लिहिणारी.

माझी पहिली बरी कविता आईच्या विड्या वळण्यावर होती. ती उंबऱ्याशी बसायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या गोणपाटात तेंदूची पानं. पत्र्याचा ठसा पानावर ठेवून कैचीनं चौकोन कापायचा, चिमूटभर तंबाखू, बोटांची एक फिरकी, टोक नखानं आत मुडपायचं, दोऱ्याचा वेढा. पंचवीस झाल्या की कट्टा. दिवसभरात हजार वळायच्या असायच्या, आणि संध्याकाळी कारखान्यात दिल्यावर त्यातल्या किती छाटात जातील ते मोजणाऱ्याच्या मर्जीवर. कविता तिला वाचून दाखवली. मराठी तिला समजते, बोलते मोडकी. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चेट अनराद?" चेट का म्हणत नाहीस?

चेट म्हणजे सूप. पण 'सूप' म्हटलं की मला शाळेच्या पुस्तकातली गहू पाखडणारी बाई दिसते. चेट म्हटलं की आईच्या मांडीवरचं, तंबाखूच्या वासाचं, एका बाजूनं उसवलेलं ते एकच दिसतं. ओळ बदलली. कवितेत चेट आली, आणि खाली टीप द्यायची नाही हे तेव्हाच ठरवलं. कट्ट्याची अडचण आली नाही, तो दोन्ही भाषांत कट्टाच. मागाच्या धोट्यातली सुताची कांडीसुद्धा, नायनांच्या तोंडी 'कंडे'.

या हट्टाची किंमत मोजावी लागते. एका दिवाळी अंकाला मी कांड्या भरणाऱ्या पोरावरची कविता पाठवली होती. टपरीवरून त्याला कुणी हाक मारतो, "काय करूलालाव बे?" अंक हातात आला तर छापलं होतं, "काय करतो आहेस रे?" माझा कांडीवाला एका रात्रीत सदाशिव पेठेत राहायला गेला! संपादकांना फोन केला. ते सौजन्यानं म्हणाले, "मुद्रितशोधनात दुरुस्त झालं असेल." दुरुस्त हा शब्द मला अजून टोचतो. ती कविता मी कार्यक्रमात मूळ ओळीसकटच वाचते, आणि सोलापुरात त्या ओळीला हमखास हशा येतो. पुण्यात एकदा वाचली तर पहिल्या रांगेतल्या बाईंनी विचारलं, "हे कानडी आहे का?"

तसं विचारणंही अगदीच चूक नाही म्हणा. या गावाचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, बाराव्या शतकातले वचनकार. त्यांची वचनं कन्नडात, 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' या नाममुद्रेची. दर संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत 'दिड्डम दिड्डम' ऐकू आलं की आम्ही तेलुगू, मराठी, कन्नड सगळेच अक्षता टाकतो. त्या शब्दाचा अर्थ विचारायचं कुणाला सुचत नाही. ज्या राम जोशींच्या लावण्या मराठी लोक मिरवतात ते याच गावचे, संस्कृत शिकलेले आणि तमाशाच्या फडात उतरलेले. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल मराठीचे शाहीर अमर शेख झाले. पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं ते 1990 साली सोलापुरात. आणि आमच्या घराच्या अगदी जवळचं उदाहरण लक्ष्मीनारायण बोल्ली यांचं. घर तेलुगू, कविता मराठी, शिवाय दोन्ही भाषांमधले अनुवाद. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'एका साळियाने'. ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा, खरं सांगते, मला जरा धीर आला. साळ्याच्या घरातून मराठीत पुस्तक निघू शकतं आणि मुखपृष्ठावर साळी हा शब्द उघड असू शकतो.

म्हणून "मराठीत कशी काय" ऐकलं की मला कधी कधी उलट विचारावंसं वाटतं, की सोलापुरात एकाच भाषेत जगणारा कवी तुम्ही पाहिलात कुठे? पण चहा निवत असतो, विचारणारा माणूस भला असतो, मग राहून जातं.

गेल्या वर्षी तेलुगू अक्षरं गिरवायला घेतली. मुलगी फोनवर बघून शिकवते आणि माझ्यावर ओरडते. पहिला शब्द अर्थातच चेट. तिसऱ्या खेपेला बरा जमला, तेव्हा कागद आईला नेऊन दाखवला. तिलाही वाचता येत नाही, हे माझ्या तोपर्यंत लक्षातच आलं नव्हतं. तिनं कागद लांब धरून पाहिला. "गुंड्रंगा उंदि," म्हणाली. गोल आहे. आणि पुढचं पान कापायला घेतलं.