पास्टिनाक उपवासाला चालतं का?

शनिवारच्या बाजारात परवा भाजीवाल्या आजीबाईंनी मी उचललेली पास्टिनाकं विकायला चक्क नकार दिला. आधी विचारलं, कशाला हवीत? म्हटलं, किसून परतणार, सकाळी खायला. तशी माझ्या हातातली जाडजूड काढून घेतली आणि खालच्या खोक्यातून बारकी निवडून दिली. जाड्यांचा मधला दांडा लाकडी होतो म्हणे, सूपला ठीक, किसायला नाही. स्वतःहून कमी वजनाचा माल देणारी भाजीवाली! बर्लिनमध्ये अशी आपुलकी रोज वाट्याला येत नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय.

पास्टिनाक म्हणजे पांढरट, गाजराच्याच कुळातलं मूळ. थंडी पडून गेली की त्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणून हिवाळ्यातलं जास्त गोड.

पण खरं कौतुक मला इथल्या बटाट्याचं. पिशवीवर स्पष्ट लिहिलेलं असतं: शिजल्यावर घट्ट राहणारा, मधला, की भुगा होणारा. बहुतेक पिशव्यांना रंगही ठरलेले, अनुक्रमे हिरवा, लाल, निळा. काचऱ्यांना हिरवी पिशवी, वड्याच्या सारणाला निळी. संपला विषय. आपल्याकडे ‘नवा आहे का जुना?’ विचारायचं, ‘तळेगाव आहे ताई, डोळे झाकून न्या’ ऐकायचं, आणि घरी आल्यावर शीतगृहातला गोडमिट्ट निघाला की नशिबाला बोल लावायचा. अर्थात आपला भाजीवाला वर मूठभर कोथिंबीर टाकतो. इथे ती पैसे मोजून घ्यावी लागते, आणि काडी मोडली तर वास येईल याची खात्री नाही.

बटाट्याबाबत ही मंडळी किती गंभीर आहेत ते पाहायचं तर बर्लिनशेजारच्या पोट्सडामला जा. प्रशियाच्या (तेव्हाचं इथलं राज्य) दुसऱ्या फ्रेडरिक राजाने 1756 मध्ये बटाट्याची लागवड करण्याचा हुकूम काढला होता. तिथल्या त्याच्या थडग्यावर लोक अजून बटाटे ठेवून येतात. फुलंही असतात, पण बटाटे जास्त.

एवढं असून सकाळी खातात काय? पाव, चीज, हॅम. किसलेल्या बटाट्याची धिरडी करतात, पण ती नाताळच्या जत्रेत, भरपूर तेलात, वर सफरचंदाचा गर घालून. आणि माझ्या डब्यातला कीस पाहून ऑफिसमधली एक जण मला विचारते, ‘हे उपवासाचं? मग उपवास कसला?’ एकादशी दुप्पट खाशी हे आपण आपल्यात म्हणायचं. बाहेरच्याने म्हटलं की लागतं. मी तिला ऐकवलं की अंडं नाही, दूध नाही, लोणी नाही असा नाश्ता तुम्ही आता पुस्तकं वाचून शिकताय, आमच्याकडे तो आषाढी-कार्तिकीला घरोघरी होतो. साजूक तुपाचा उल्लेख मी टाळला. तसंही मी हल्ली शेंगदाण्याच्या तेलातच करते.

दोन वाट्या बटाट्याचा कीस पाण्यातून काढून घट्ट पिळायचा. एक वाटी पास्टिनाक, अर्धी वाटी गाजर. तेलात जिरं, हिरवी मिरची, मग सगळं एकदम. झाकण ठेवून एक वाफ, नंतर झाकण काढून खालून खरपूस होऊ द्यायचं. शेवटी मीठ, कूट, लिंबू. साखर नको, पास्टिनाकाची पुरते. इथलं केशरी रताळं मात्र यात घालू नका. त्याला पाणी फार, गिचका होतो. आपलं लाल सालीचं, आतून पांढरं रताळं एशियन दुकानात मिळतं, पण त्या भावात मी आठवडाभराचे बटाटे आणते.

तेल जरा सढळ हाताने घालते. गाजरातलं कॅरोटीन स्निग्ध पदार्थाशिवाय अंगी लागत नाही, हे शास्त्र आहे. नवऱ्याने ते मुकाट्याने मान्य केलंय.

कार्तिकीच्या आदल्या रात्री आईला फोन करून विचारलं, पास्टिनाक चालतं का? ती म्हणाली, जमिनीखालचं आहे ना, मग चालेल. म्हटलं, कांदाही जमिनीखालचाच. त्यावर तिने विचारलं, त्याला वास येतो का? नाही म्हटल्यावर परवानगी मिळाली. गाजराबद्दल मी विचारलंच नाही.