चकलीची ना-हरकत: माझा अनुभव

चकली एका प्राणी-संस्थेकडून आमच्याकडे फॉस्टरला, म्हणजे दत्तक घर मिळेपर्यंत तात्पुरती राहायला, आली तेव्हा बोली तीन आठवड्यांची होती. सध्या अकरावा आठवडा चालू आहे. त्यातले पाच एका कागदाने खाल्ले.

चकली म्हणजे आठ-नऊ महिन्यांची गावठी कुत्री. नाव शेपटीवरून. आली तेव्हा गोचीडतापाने पार गळाली होती. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या महिनाभर उकडलेल्या रताळ्यात लपवून दिल्या (दह्यात नको, दुधाच्या पदार्थांबरोबर औषध नीट लागू पडत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं). मग लसी, नसबंदी, सगळं मार्गी लागलं. स्वभाव असा की सिलिंडरवाल्याचेही हात चाटते. फोनवर लोक विचारायचे, "राखण करेल ना?" मी खरं सांगायचे, "चोर आला तर शेपूट हलवत आत घेऊन येईल." निम्मे फोन तिथेच संपायचे.

शेवटी पुण्यातल्या वाकडचं एक तरुण जोडपं तिला बघायला आलं. चकली थेट नवऱ्याच्या बुटावर बसली आणि उठेना. संस्थेची घरपाहणी अर्ध्या तासात झाली. पण दोघं भाड्याने राहतात, म्हणून संस्थेला दोन कागद हवे होते: घरमालकाची संमती आणि सोसायटीची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र. मालकाने व्हॉट्सॲपवर दहा मिनिटांत संमती दिली.

सोसायटीच्या ऑफिसात मॅनेजर म्हणाले, "कुत्र्याच्या एनओसीचा फॉर्मच नाही आमच्याकडे." भाडेकरूचा आहे, फर्निचरच्या कामाचा आहे, गच्चीवरच्या मांडवाचाही आहे. कुत्र्याचा नाही, म्हणून परवानगी नाही. बरं, मग नकार तरी लेखी द्या. त्याचाही फॉर्म नाही! सेक्रेटरी गावाला गेलेले. ते आल्यावर कमिटीची मीटिंग झाली, पण टँकरचं बिल आणि पार्किंग यांतच रात्रीचे साडेदहा वाजले नि आमचा विषय पुढच्या महिन्यावर गेला. पुढच्या महिन्यात ठरलं, "वार्षिक सभेत ठेवू." सोसायटी माझी नव्हे, तरी मी दोनदा त्यांच्याबरोबर गेले. ऑफिसच्या पायरीवर दोन भटकी कुत्री ऐसपैस झोपलेली असायची. त्यांना एनओसी कुणी दिली, हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं.

दुसऱ्या खेपेला मी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांची प्रिंट नेली. सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. मॅनेजरनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण एनओसी द्या, असं यात कुठे लिहिलंय?"

राग आला, पण घरी येताना रिक्षात डोक्यात प्रकाश पडला. माणूस बरोबर बोलत होता. जे त्यांना अडवताच येत नाही, त्याची परवानगी आपण मागतोयच कशाला? दुसऱ्या दिवशी त्या दोघांनी नवं पत्र दिलं: "आम्ही आमच्या सदनिकेत कुत्री पाळत आहोत, हे आपल्या माहितीस्तव." सोबत लसीकरण कार्डाची झेरॉक्स. दोन प्रती, एकीवर शिक्का आणि सही. पाच मिनिटं लागली नाहीत. पोच द्यायला मीटिंग लागत नाही, त्यामुळे मॅनेजरही खूश.

संस्थेतली मुलगी आधी कुरकुरली, "ही एनओसी नाहीये." दोन दिवस वरिष्ठांना विचारून मग हो म्हणाली. म्हणून सांगते, फॉस्टर करणार असाल तर भाडेकरू कुटुंबाला पहिल्या भेटीतच ही पोच आणायला लावा. मी पाच आठवडे सौजन्याने अर्ज करत बसले, त्याची चिडचिड अजून गेलेली नाही.

आणखी एक, कानाला व्हीसारखी खाच दिसली की लोक हळहळतात, "कुणी कापलं हो?" ती नसबंदी झाल्याची खूण असते, भूल दिलेली असतानाच करतात. आणि नव्या घरी पहिले पंधरा दिवस फिरवताना गळ्यातला पट्टा आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) दोन्हीला दोरी लावा. बिचकलेली गावठी कुत्री पट्ट्यातून मान कधी सोडवून घेते, कळतही नाही.

शनिवारी चकली जाईल. तिची चादर मी मुद्दाम न धुता ठेवली आहे, वासाची सोबत म्हणून. काल त्या दोघांचा फोन आला होता, रताळं सालासकट देता की सोलून?

सोलून. साल ती बरोबर बाजूला काढून माझ्या चपलेत ठेवते.