चांदीच्या पाठीवरची नावं

कोपनहेगनमधल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात मुरलेलं गिऱ्हाईक ओळखायचं असेल तर त्याच्या हातांकडे बघा. वस्तू उचलली की ते आधी ती उलटी करतं. चमचा असेल तर दांड्याची मागची बाजू, वाडगा असेल तर बूड. खिशातून भिंग निघतं आणि मग थोडा वेळ कुणाशी बोलणं नाही. मलाही इथे राहून हीच सवय लागली. उन्हाळ्यात शनिवारी फ्रेडरिक्सबर्गच्या टाउन हॉलमागे भरणारा बाजार आता माझ्याकडून चुकत नाही.

वाचण्यासारखं पुष्कळ असतं तिथे. डॅनिश चांदीवर तीन बुरुजांचा इवलासा शिक्का असतो. कोपनहेगनची ही खूण सतराव्या शतकापासून चालत आली आहे, आणि जुन्या तुकड्यांवर बुरुजांखाली वर्षाचे शेवटचे दोन आकडेही सापडतात. बाजूला सरकारी तपासनिसाची खूण. १९०४ ते १९३२ हाइसे नावाचा तपासनीस, त्यानंतर १९६० पर्यंत सिगोर. त्यामुळे वर्ष झिजलं असलं तरी काळ हाती लागतो. बुरुज तीनऐवजी दोनच दिसले तर समजायचं की वरून फक्त चांदीचा मुलामा आहे. सामुद्रधुनीपलीकडे स्वीडनमध्ये तीन मुकुट, षटकोनातला एस आणि वर्षासाठी अक्षर-आकड्याची जोडी. ए ९ म्हणजे १९५१, जी ९ म्हणजे १९५७. ही बाराखडी एकदा पाठ झाली की टेबलावरचा ढीग बोलायला लागतो.

आपल्याकडची चांदी मी लहानपणापासून सराफाच्या काट्यावरच पाहिली. वजन, त्यावर मजुरी, आणि जुनं मोडीत देताना धरलेली घट. आजीचे तांब्या-पेले मोडून सुनेसाठी ताट-वाटी होते, त्यातून पुढे नातीचं काही. त्यात एक सातत्य आहे, ते मला आवडतंही. पण माझ्या आजीचा तो तांब्या कुणी घडवला, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. इथे पहिल्यांदा लक्षात आलं की एकाच वजनाच्या दोन चमच्यांच्या किमतीत पाचपट फरक असू शकतो, आणि तो फरक नुसत्या नावाचा आणि रेषेचा असतो.

त्या नावांत पहिलं नाव गेऑर्ग येन्सनचं. जन्म १८६६ चा, शहराच्या उत्तरेला रॉडवाडला. वडील तिथल्या सुऱ्यांच्या कारखान्यात कामाला. मुलगा सोनारकाम शिकला, मग अकादमीत शिल्पकला, आणि १९०४ मध्ये ब्रेडगेड रस्त्यावर त्याने छोटी कार्यशाळा उघडली. त्याच्या भांड्यांवर द्राक्षांचे घोस, कळ्या, मण्यांच्या ओळी असायच्या आणि पृष्ठभागावर हातोडीच्या बारीक खुणा मुद्दाम राखलेल्या असायच्या. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत ज्यांनी मठारकाम पाहिलंय त्यांना ही चमक लगेच ओळखू येईल: एका ठोक्याशेजारी दुसरा ठोका, आणि प्रत्येक खोलगट ठिपक्यात वेगळा उजेड. येन्सनची मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र वेगळी. त्याच्याकडे इतर कलावंत आराखडे करायचे, योहान रोडे, हाराल्ड नील्सन असे. आणि त्यांचं श्रेय त्यांच्या नावानेच दिलं जायचं.

मी जीव लावला तो मात्र पुढच्या पिढीतल्या हेनिंग कोपेलवर. १९१८ चा जन्म, शिक्षण शिल्पकाराचं. डेन्मार्कवर जर्मनांचा ताबा होता. १९४३ च्या ऑक्टोबरात इथले सात हजारांहून जास्त ज्यू मासेमारी बोटींतून सामुद्रधुनी ओलांडून स्वीडनला निसटले. त्या वर्षी ज्यांना देश सोडावा लागला त्यांत कोपेलही होता. १९४५ मध्ये परतला आणि येन्सनच्या कार्यशाळेत दाखल झाला. येन्सन तेव्हा हयात नव्हता, १९३५ मध्येच गेला होता. कोपेलने द्राक्षं काढली, मणी काढले, हातोडीच्या खुणाही काढल्या. उरला तो फक्त आकार. १९५२ चा त्याचा ९९२ क्रमांकाचा पाण्याचा जग बघा. पोट एका बाजूला जड होऊन झुकलेलं, मान पुढे काढलेली, कान सडपातळ. इथले लोक त्याला लाडाने गरोदर बदक म्हणतात. तो पालथा पडेल असं वाटतं, पण पडत नाही. आधी मातीत घडवून बघणाऱ्या माणसालाच तोल असा सापडतो.

नक्षी नसलेली चांदी सोपी असते असं आपल्याला वाटतं. खरं तर ती जास्त अवघड. वेलबुट्टीत सांधा लपतो, एखादा चुकार ठोका लपतो. कोपेलच्या गुळगुळीत पोटावर काहीच लपत नाही. उजेडाची रेष जरा जरी तुटली तरी डोळ्याला खुपते. सपाट पत्र्यापासून ठोकत, तापवून मऊ करत, पुन्हा ठोकत हा आकार उभा करावा लागतो. आणि इथे माझी एक तक्रार आहे, ती मनापासून करते. तळावर कोपेल असतो, कंपनी असते. ज्या कारागिराने ते पोट कित्येक दिवस ठोकून उभं केलं, त्याचं नाव बहुतेक वेळा नसतं. तांबट आळीची आणि ब्रेडगेडची गत या एका बाबतीत सारखीच आहे.

असा जग विकत घेणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. माझ्याकडे आहेत ते कोपेलच्याच १९५७ च्या कॅराव्हेल या घाटाचे सुटे चमचे, एकेक करून जमवलेले. रोजच्या जेवणाला मात्र काई बॉयेसनचे काटे-चमचे. हा माणूस येन्सनच्याच हाताखाली तयार झाला. १९३८ मध्ये त्याने एक अगदी साधा संच आखला. १९५१ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात त्याला ग्रां प्री, म्हणजे मोठं पारितोषिक, मिळालं, आणि संचाला तेच नाव चिकटलं. चांदीतला तोच घाट पुढे स्टेनलेस स्टीलमध्ये आला. मला ही या सगळ्या परंपरेतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. सराफाच्या काट्यावर ज्याची किंमत शून्य, त्या स्टीलमध्येही रेषेत तीळभर तडजोड नाही. वरणभात कालवायला इतका हाताला बसणारा चमचा मी दुसरा वापरलेला नाही. त्याच बॉयेसनचं १९५१ चं लाकडी माकड इथे घरोघरी फळीला लटकलेलं असतं, त्याचं अंग आपल्या ओळखीच्या सागाचं.

१९८० च्या जानेवारीत चांदीचा भाव अचानक भडकला तेव्हा जगभर जुनी भांडी भट्टीत गेली. भाव चढला की आजही ते होतं. त्यामुळे अनोळखी कारागिराचा, पण घाट नेटका असलेला तुकडा दिसला तर मी तो आधी उचलते. कोपेलला वाचवणारे खूप आहेत.

कुणी इकडे येणार असाल तर ब्रेडगेडवरचं डिझाइन म्युझियम आधी बघा, मग नॉरेब्रोमधल्या राव्न्सबॉर्गगेडची जुन्या वस्तूंची दुकानं. उलट क्रमाने गेलात तर डोळा तयार नसताना पैसे जातील. पहिली खरेदी सुटा चमचा असू दे. शिक्के ठसठशीत हवेत. अस्पष्ट असतील तर बहुधा कुणीतरी यंत्रावर घासून चकचकीत केलाय, आणि मग हातोडीच्या खुणाही गेलेल्या असतात. सुरी घेताना लक्षात ठेवा, चांदीची असते फक्त मूठ, पातं स्टीलचं. नॉर्वेचे मीना केलेले पानांचे ब्रोच मोहात पाडतात, पण टवका उडालेला असेल तर ठेवून द्या. मीना पुन्हा पूर्वीसारखा बसत नाही.

आणि घरी आणल्यावर रांगोळीने घासू नका. गणपतीआधी आपण उपकरणी तशीच उजळतो, मला माहीत आहे, पण तिचा कण शिक्का खातो. मऊ कापड, कोमट पाणी, साधा साबण पुरतो. चमचे रबरबँडने बांधून ठेवू नका, रबरातल्या गंधकाने काळे पट्टे उठतात. अंड्यात वापरलेला चमचा लगेच धुवा. बाकी रोज जेवायला घेतलात तर घासायची वेळ फारशी येणारच नाही.