आमची वाटचाल : नागपूरहून गोंपांच्या वाटेने

स्पिती, लडाख आणि झंस्कार. आम्ही लोकांना सहलीला नेतो ते हिमालयातल्या या तीनच भागांत. काश्मीर-केरळची विचारणा आली की ओळखीच्या दुसऱ्या एजन्सीचा नंबर देतो. ऑफिसात रोज दोन प्रश्न ठरलेले असतात : तुमच्या सहलीला दिवस जास्त का लागतात, आणि पैसे जास्त का? फोनवर थोडक्यात सांगतेच, पण नीट उत्तर द्यायचं तर सगळी वाटचालच सांगावी लागते.

मी सीताबर्डीतल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत बुकिंग पाहायचे. यजमान शाळेत भूगोल शिकवायचे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत हिमालयात ट्रेकला जायचे. आमच्या एजन्सीचं लडाखचं पॅकेज तेव्हा जोरात चालायचं. विमानाने लेहला उतरायचं, दुसऱ्या दिवशी खारदुंग ला ही उंच खिंड, तिसऱ्या दिवशी पँगाँग सरोवर, आणि वाटेत जमेल तशी दोन-तीन गोंपांची, म्हणजे तिथल्या बौद्ध विहारांची, धावती भेट. परत आलेल्या लोकांचे फोन मीच घ्यायचे. निम्म्यांची तक्रार डोकेदुखीची, उलट्यांची, झोप न लागल्याची. इंदोऱ्याच्या एका काकूंचं बोलणं मात्र वेगळं होतं. त्या म्हणाल्या, "गोंपा पाह्यला म्हणून सांगता येते, पण बसू कुठं दिलं बाई? ड्रायव्हर खालून हॉर्नच वाजवत होता."

नागपुरात हे बोलणं कानावर पडलं की सोडून देता येत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे, दीक्षाभूमीवर, लाखो लोकांसह धम्म स्वीकारला. त्या लाखोंची मुलं, नातवंडं आज शिक्षक आहेत, बँकेत आहेत, रेल्वेत आहेत. त्यांच्या हातात रजा आहे, थोडा पैसा आहे, आणि बुद्धाच्या वाटेवरची ठिकाणं पाहायची मनापासून इच्छा आहे. बोधगया, सारनाथ, कुशीनगर, सांची बहुतेकांचं झालेलं असतं. हिमालयातल्या विहारांकडे मात्र कोणी धडपणे नेत नव्हतं. यजमान एकदा जेवताना म्हणाले, "शरीराला उंचीची सवय व्हायला जे दिवस लागतात ना, नेमके तेच दिवस गोंपात घालवले तर?" आमचा सगळा धंदा आजही या एका वाक्यावर उभा आहे.

मुद्दा सोपा आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर. लेह साडेतीन हजार, स्पितीतलं काझा ३,८०० मीटरच्या आसपास. काझाला हवेचा दाब इतका कमी असतो की एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही कमी पडतो. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण आपल्या गतीने. डॉक्टरांचा नियम असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि मधे मधे एक दिवस थांबावं. या थांबायच्या दिवसाला बाजारात किंमत नाही. माणसाला वाटतं, पैसे भरले आणि हॉटेलात बसवून ठेवलं. पण ताबो, धनकर, अल्ची, ठिकसे हे सगळे गोंपा अशाच उंचीवर आहेत, जिथे नवख्या माणसाने दोन दिवस हळूहळू वावरावं. तिथे चार तास बसणं हाच औषधोपचार आणि तीच यात्रा.

म्हणून स्पितीला आम्ही मनालीहून जात नाही. मनाली दोन हजार मीटर. तिथून एका दिवसात साडेचार हजारांवरचा कुंझुम पास ओलांडून रात्री काझाला झोपायचं म्हणजे शरीरावर अत्याचार आहे. २०२० मध्ये अटल बोगदा झाल्यापासून तर हा प्रवास आणखी लवकर होतो, त्यामुळे लोकांना तो अधिकच सोयीचा वाटतो. आमची वाट सिमल्याहून, सतलजच्या काठाने. सराहन, मग ३,००० मीटरला टेकलेलं कल्पा, पुढे नाको, आणि मग ताबो. नाको ताबोपेक्षा उंच आहे, तेव्हा ताबोला येईतो माणूस थोडा खाली उतरलेला असतो आणि शांत झोपतो. यात दोन-तीन रात्रींचा खर्च वाढतो. सुरुवातीच्या हंगामांत या खर्चापायी कितीतरी लोक हातचे गेले. "सहा दिवसांत नाही का होत?" असं विचारून फोन ठेवणारे आजही आहेत. त्यांच्यासाठी दिवस कापायचे नाहीत, हे आम्ही दोघांनी पहिल्याच वर्षी ठरवलं होतं.

ताबोविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण आमच्या सहलीचा जीव तिथे आहे. इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेला हा विहार बाहेरून पाहिला तर मातीच्या ढेपाळलेल्या भिंतींचा एक समूह वाटतो. रंग नाही, सोनेरी कळस नाही. लोक गाडीतून उतरतात आणि एकमेकांकडे बघतात. मग वाकून मुख्य दालनात, दुखांगमध्ये, शिरायचं. आत अंधार. पहिली पाच मिनिटं आमचा माणूस कोणालाच बॅटरी लावू देत नाही. डोळे सरावले की भिंतींवरून पुढे आलेल्या मातीच्या मूर्ती हळूहळू दिसू लागतात. डोक्याच्या वर, चारी बाजूंनी, जणू हवेत आसन घालून बसलेल्या. त्यांच्या खाली चित्रांच्या रांगा, हजार वर्षांपूर्वीचे निळे आणि विटकरी रंग. ताबोला हिमालयातलं अजिंठा म्हणतात. ज्यांनी अजिंठा पाहिलेलं असतं, आणि आपल्याकडे बहुतेकांनी ते शाळेच्या सहलीत पाहिलेलंच असतं, त्यांना बोधिसत्त्वाच्या हाताची ठेवण ओळखीची वाटते. आत फोटो काढू देत नाहीत, आणि ते फार चांगलं आहे. १९७५ च्या किन्नौरच्या भूकंपात या इमारतींना तडे गेले होते. नवं सभागृह त्यानंतर बांधलेलं. सकाळची पूजा तिथे होते. आमची माणसं मागे भिंतीला टेकून बसतात.

इथे एक प्रश्न हमखास निघतो. आपल्या विहारात बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचं छायाचित्र, त्रिशरण आणि पंचशील. तिथे मात्र लोण्याचे दिवे, तारा, उग्र मुद्रेचा महाकाल, फिरवायची मंत्रचक्रं. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला माणूस अस्वस्थ होतो. एक निवृत्त शिक्षक मला सरळच म्हणाले, "मॅडम, देवदेवता सोडूनच तर आपण धम्मात आलो. मग हे काय आहे?" त्यांचा प्रश्न रास्त होता. तेव्हापासून आम्ही निघण्याआधी एक बैठक घेतो, त्यात वज्रयान हा तिथला बौद्ध पंथ म्हणजे काय, तिथल्या मूर्तींकडे तिथले भिक्षू कोणत्या अर्थाने पाहतात, हे अभ्यासक माणसाकडून समजावून देतो. पटावंच असा आग्रह नसतो. कोणी नमस्कार करतं, कोणी नुसतं पाहतं. त्या गुरुजींनी धनकरला एका तरुण लामाशी दुभाष्यामार्फत अनित्यतेवर तासभर चर्चा केली. निघताना दोघांनी मिळून पालीतून बुद्धवंदना म्हटली. लामाचे उच्चार वेगळे, आमच्या लोकांचे वेगळे, पण "नमो तस्स" ला सगळ्यांचा सूर एक लागला. मी अशा वेळी मागे उभी असते आणि मला हा धंदा निवडल्याचा फार आनंद होतो.

आता आरोग्याची गोष्ट, जी विदर्भातल्या प्रत्येकाने वाचावी. आमच्या भागात सिकलसेल या रक्तविकाराचं प्रमाण मोठं आहे, बौद्ध आणि आदिवासी समाजांत विशेष. प्राणवायू कमी झाला की या रुग्णांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या अडवतात. म्हणजे उंचीवर नेमकी तीच परिस्थिती तयार होते, जी या माणसाला सर्वांत घातक. जो फक्त वाहक आहे, ज्याला घरी आयुष्यभर काहीही त्रास झाला नाही, त्यालाही उंचीवर प्लीहेचा रक्तपुरवठा बंद पडून पोटाच्या डाव्या बाजूला असह्य कळा येऊ शकतात. दिल्ली-मुंबईच्या कंपन्यांच्या फॉर्मवर हा रकाना मी कधी पाहिला नाही. आमच्या फॉर्मवर तो पहिला आहे. हिमोग्लोबिन, साखर, ईसीजी नंतर. सिकलसेलग्रस्त माणसाला आम्ही नेत नाही. वाहकाला रक्तविकारतज्ज्ञाचा लेखी सल्ला आणावा लागतो, आणि तो अनुकूल असला तरी कल्पाच्या पुढे नेत नाही. यावरून लोक रागावले आहेत, एका कुटुंबाने तर सगळ्यांचंच बुकिंग काढून घेतलं. तपासणी सरकारी रुग्णालयात होते, आधी करून घ्या, हे आम्ही बुकिंग न करणाऱ्यालाही सांगतो.

पायांची तयारी नागपुरात होऊ शकते, फुफ्फुसांची नाही. निघण्याआधी दीड-दोन महिने सेमिनरी हिल्स आणि अंबाझरीला पहाटेचं चालणं, रविवारी रामटेकच्या पायऱ्या, जमलं तर चिखलदरा. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा हे सगळं सकाळी सातच्या आत उरकावं लागतं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, ही आमच्यासाठी मोठी सोय. उरलेला महाराष्ट्र वह्या-पुस्तकांना कव्हरं घालत असतो तेव्हा आमची कुटुंबं स्पितीत असतात. जूनमध्ये उंच खिंडींत बर्फ असतो, तेव्हा लडाखमधल्या मरखा खोऱ्याचे आणि झंस्कारचे ट्रेक ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ठेवतो. मग पोळा आणि गणपती सांभाळून तारखा काढायच्या.

वर गेल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ बोटाला ऑक्सिमीटर लावून वहीत नोंद होते. एकदा काझाला महालच्या एका काकांचं डोकं रात्री ठणकायला लागलं, दोन उलट्या झाल्या. सरळ रेषेत चालून दाखवा म्हटलं, तर चालले नीट. पण आकडा संध्याकाळपेक्षा बराच उतरला होता. "सकाळी पाहू, झोपू द्या" असं ते स्वतःच म्हणत होते. यजमानांनी ऐकलं नाही. ड्रायव्हरला उठवलं आणि ४७ किलोमीटर मागे, ५०० मीटर खाली, ताबोला नेऊन झोपवलं. पहाटेपर्यंत उलट्या थांबल्या, सकाळी काकांनी स्वतःहून चहा मागितला. खाली उतरणं यासारखं दुसरं औषध नाही. आमची एक जादा गाडी नेहमी गावात उभी असते, तिचं भाडं पॅकेजमध्येच धरलेलं असतं. किंमत जास्त असण्याचं हेही एक कारण.

झंस्कारची वाट आमच्या डोळ्यांदेखत बदलली. पूर्वी दारच्याहून शिंगो ला ओलांडून पदुमपर्यंत चालत जायचं आणि वाटेत पुरने गावाहून फुगतालला जायचं. कड्यातल्या गुहेच्या तोंडाशी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा चिकटलेला तो गोंपा. हंगेरीचा चोमा द कोरोश एकोणिसाव्या शतकात तिथे राहून तिबेटी शिकला आणि १८३४ मध्ये त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश छापला गेला. आता त्या खिंडीतून गाड्या जातात. ट्रेकर मंडळी हळहळतात. मला हळहळ वाटत नाही. हिवाळ्यात दवाखान्यासाठी गोठलेल्या नदीवरून चालणाऱ्या गावांना रस्ता हवाच होता. आमचा जुना घोडेवाला आता घरीच पाहुणे ठेवतो, त्याची बायको थुक्पा फार छान करते. ट्रेक लहान झाला, तर आम्ही पुरने-फुगतालला एक मुक्काम वाढवला. लांब चालायचंय त्यांना मरखा खोऱ्यात नेतो : स्कियूपासून गावोगाव घरांत राहत, निमालिंगच्या कुरणावरून ५,००० मीटरवरचा कोंगमारू ला ओलांडून हेमिसच्या बाजूला उतरायचं.

२०२० मध्ये सगळंच थांबलं. स्पितीच्या लोकांनी तर त्या वर्षी पर्यटक नकोत असं गावांनी मिळून ठरवलं होतं. आम्हाला त्यांचा निर्णय योग्यच वाटला. लोकांचे पैसे हप्त्यांनी परत केले, धंतोलीची खोली सोडली आणि मनीष नगरच्या घरातून काम सुरू ठेवलं. अजून तिथूनच चालतं.

पुढच्या हंगामाची नोंदणी दसऱ्यानंतर सुरू होते. पारांग ला, म्हणजे स्पितीहून त्सो मोरीरीला जाणारी साडेपाच हजार मीटरवरची जुनी व्यापारी वाट, ज्यांनी आमच्याबरोबर आधी एक सहल केली आहे त्यांच्यासाठीच ठेवली आहे. बाकी सगळ्यांना एकच सांगणं : पैसे नंतर भरा, सिकलसेलचा रिपोर्ट आधी घेऊन या.