अर्धी स्क्रीन रिकामी

आयफोन सोडून अँड्रॉइड घेतला म्हटलं की लोक आधी कॅमेऱ्याचं विचारतात, मग किमतीचं, आणि मग हळूच "का गं, सगळं ठीक आहे ना" असंही विचारतात. होम स्क्रीनबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, आणि माझी तर सगळी मजा तिथेच चाललीये. आयफोनवर इतकी वर्षं काय व्हायचं, की आयकॉन आपले वरच्या डाव्या कोपऱ्यापासून भरत यायचे, मधलं एखादं अ‍ॅप काढलं की मागचे सगळे पुढे सरकायचे आणि झालं, जागा गायब. मधे मोकळी जागा हवी असेल तर लोक वॉलपेपरच्या रंगाचे खोटे आयकॉन बनवून लावायचे, खरंच, एवढी खटपट. आयकॉन हवा तिथे ठेवायची परवानगी मिळाली ती आयओएस १८ मध्ये, म्हणजे २०२४ ला. अँड्रॉइडवर मुळात सगळी अ‍ॅप्स आत ड्रॉवरमध्ये, म्हणजे अ‍ॅप्सच्या वेगळ्या पानावर, पडलेली असतात आणि बाहेर आपण आणून ठेवू तेवढीच, नाही ठेवलं काहीच तरी फोन रुसत नाही.

मग मी काय केलं, स्क्रीनचा वरचा अर्धा भाग साफ करून टाकला. काहीही नाही, नुसता वॉलपेपर. जे काय आहे ते खाली, उजवीकडे. कारण ठाण्याहून सकाळची लोकल पकडणाऱ्या बाईला फोनसाठी एकच हात मिळतो, दुसरा वरच्या हँडलला, आणि त्या एका हाताचा अंगठा जिथपर्यंत पोचतो तेवढाच फोन खरा. लोकलच्या वेळा सांगणारं एम-इंडिकेटर, पासचं अ‍ॅप, व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय, एवढंच. आणि मागे जायला स्क्रीनच्या उजव्या कडेवरून स्वाइप केलं तरी चालतं, हे अँड्रॉइड १० पासून म्हणजे २०१९ पासून आहे म्हणे, मला आत्ता कळतंय. आयफोनवर ते डाव्या कडेवरूनच व्हायचं, गर्दीत अंगठा तिकडे नेता नेता फोन हातातून सटकायची वेळ यायची. एवढ्या एका गोष्टीसाठी मी नव्या फोनचे बाकीचे पाच-दहा गुन्हे माफ केलेत.

भाच्याला हे अजिबात पटलेलं नाही. "अगं मावशी, अर्धी स्क्रीन वाया घालवलीयेस तू!" त्याच्या स्क्रीनवर हवामान आहे, बॅटरीचा टक्का आहे (जो वर कोपऱ्यात आधीच दिसतो), पावलं आहेत, तीन घड्याळं आहेत आणि गाण्यांचं एक विजेट (म्हणजे अ‍ॅप न उघडता स्क्रीनवरच दिसणारा त्याचा तुकडा) जे फिरत असतं. सगळं स्वतः बनवलेलं, केडब्ल्यूजीटी नावाच्या अ‍ॅपमध्ये रात्र रात्र बसून, दिसतंही भारी, खोटं कशाला बोलू. पण मला ते बघून आमच्या ठाण्यातले घोडबंदर रोडचे फ्लॅट आठवतात, जिथे ताबा मिळाल्या मिळाल्या लोक बाल्कनी हॉलमध्ये घेतात, बेडरूमच्या खिडकीबाहेरचा फ्लॉवर बेडही आत घेतात, आणि मग मोकळी हवा खायला गाडी काढून उपवन तलावावर जातात. आमच्याकडेही बाल्कनी आतच आहे, नवऱ्याचा हट्ट. त्यामुळे फुकटात मिळालेली ही वरची अर्धी स्क्रीन मी कोणाला देणार नाहीये.

भाच्याने मला लाँचर, म्हणजे होम स्क्रीन चालवणारं अ‍ॅप, बदलून दाखवले तेव्हा मात्र मी चाट पडले. होम स्क्रीन हे पण एक अ‍ॅपच आहे आणि ते आवडलं नाही तर दुसरं टाका, ही कल्पनाच आयफोनवरून आलेल्या माणसाच्या डोक्यात बसत नाही. नोव्हा बघितला, त्यात इतक्या सेटिंग्ज की जेवायची वेळ निघून गेली. नायगारा त्यातल्या त्यात आवडला, सगळ्या अ‍ॅप्सची नुसती यादी, कडेला ए टू झेड, अंगठा फिरवला की झालं. तरी शेवटी फोनचाच ठेवला, कंटाळा हेही एक कारण असतं.

रंगांचा प्रकार तर ऐकाच. अँड्रॉइड १२ पासून, २०२१ ला आलं ते, फोन वॉलपेपरमधले रंग उचलतो आणि सगळीकडे लावतो. मी पावसाळ्यातला येऊरच्या जंगलाचा फोटो लावला तर कीबोर्डपासून कॅल्क्युलेटरपर्यंत सगळं शेवाळी हिरवं, छान शांत वाटत होतं. मग भाच्याने माझ्या नकळत मामलेदारच्या मिसळीचा फोटो लावला. अख्खा फोन तर्रीच्या रंगाचा. ऑफिसमध्ये बॉसला मेसेज टाइप करतेय आणि कीबोर्ड बघून तोंडाला पाणी सुटतंय, असं दोन दिवस चाललं, मग काढला.

डेव्हलपर ऑप्शन्स नावाच्या लपवलेल्या सेटिंग्जमध्ये जाऊन अ‍ॅनिमेशनचा वेळ अर्ध्यावर आणला की फोन चटपटीत वाटतो, तेही केलं. त्यासाठी बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करायचं आणि मग फोन सांगतो की आता तुम्ही डेव्हलपर झालात. चला, घरात एक तरी झाला.

हे सगळं ऐकून आईने तिचा फोन पुढे केला. ती पहिल्यापासून अँड्रॉइडवाली, खाली तीन बटणं हवीतच, स्वाइप वगैरे तिला चालत नाही, आणि खरं तर तिचंच बरोबर आहे, बटण दिसतं तरी. तिला मी थेट कॉल लागतो ते विजेट लावून दिलं, एक टॅप की फोन लागला. आधी माझं, मग डॉक्टरांचं, मग दूधवाल्याचं. ठेवतेय तोवर तिने माझ्या फोनमध्ये डोकावून बघितलं. "तुझ्यात एवढी जागा पडलीये की वरती," म्हणाली, "वाण्याचा नंबर तुझ्याकडे ठेव, सामान तूच सांगतेस ना त्याला."

ठेवला. खाली, उजवीकडे.