एई८६ खाली बसवताना रोल सेंटर कुठे जाते

जपानमध्ये राहायला आल्यापासून मी पाहिलेल्या जुन्या गाड्यांपैकी सर्वांत जिव्हाळ्याने जपली जाणारी गाडी म्हणजे टोयोटाची एई८६. १९८३ ते १९८७ या काळात कोरोला लेविन आणि स्प्रिंटर ट्रुएनो या नावांनी निघालेली, मागच्या चाकांना जोर देणारी ही हलकी गाडी घाटरस्त्यांवर आणि त्सुकुबाच्या सर्किटवर आजही धावते. मालक बहुधा आधी तिची उंची कमी करतात. बदल स्प्रिंगचा असला, तरी खरा परिणाम चाकाला खालच्या बाजूने बॉडीशी जोडणाऱ्या लोअर आर्मवर होतो, आणि आपल्याकडे स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणाऱ्यांनी तो समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

वळणात गाडीची बॉडी ज्या बिंदूभोवती कलते, ते रोल सेंटर. एई८६ला पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा दांडा आहे. स्ट्रटच्या वरच्या टोकाशी त्याच्या अक्षाला काटकोनात एक रेषा काढावी, लोअर आर्मची रेषा आत वाढवावी, आणि दोन्ही मिळतात तिथून टायर जमिनीला टेकतो त्या जागेपर्यंत तिसरी रेषा ओढावी. ती गाडीच्या मध्यरेषेला छेदते तिथे रोल सेंटर असते. गाडी खाली आली की आर्मचे आतले टोक बॉडीबरोबर उतरते, चाकाकडचे टोक मात्र जागेवरच राहते, त्यामुळे गुरुत्वमध्य जितका उतरतो, त्याहून रोल सेंटर अधिक उतरते.

समजा, गुरुत्वमध्य ५०० मिलिमीटरवर आणि रोल सेंटर ८० मिलिमीटरवर आहे. मधले अंतर ४२०. गाडी ४० मिलिमीटर खाली आणल्यावर रोल सेंटर ८० मिलिमीटर उतरून जमिनीच्या पातळीवर आले, तर गुरुत्वमध्य ४६०वर आलेला असल्याने अंतर ४६० होते. बाहेरच्या चाकांवर सरकणारा एकूण भार सुमारे ८ टक्क्यांनी घटतो, हा निखळ फायदा. पण मधले अंतर वाढल्याने बॉडीला कलवणारा जोर साडेनऊ टक्क्यांनी वाढतो. शिवाय आर्म फार उलटा कलला, म्हणजे चाकाकडचे टोक आतल्या टोकाहून वर गेले, तर चाक दबताना हवा तो निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकणे) मिळेनासा होतो आणि टायरची बाहेरची कड झिजते. केवळ कडक स्प्रिंग घालून कल आवरता येतो, आर्मचा कोन सुधारत नाही.

मागे अखंड अ‍ॅक्सल आणि आडवा लॅटरल रॉड असतो. त्याचे एक टोक बॉडीला, दुसरे अ‍ॅक्सलला असल्याने मागचे रोल सेंटर ४० मिलिमीटरला साधारण २०च उतरते. पुढचे आणि मागचे रोल सेंटर जोडणारा अक्ष त्यामुळे पुढे झुकतो आणि गाडीचा स्वभाव बदलतो. अ‍ॅक्सलही किंचित एका बाजूला सरकतो. त्यासाठी लांबी बदलता येणारा रॉड बसवतात.

पुढच्या चाकांकडचा उपाय मी एका गॅरेजमध्ये जवळून पाहिला: स्ट्रटचे बूड आणि स्टिअरिंग आर्म यांच्यामध्ये बोटभर जाडीचा धातूचा स्पेसर बसवून लांब बोल्टने आवळला जात होता. या गाडीत बॉल जॉइंट (लोअर आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा) आणि चाक वळवणाऱ्या टाय रॉडचे टोक त्याच स्टिअरिंग आर्मवर असल्याने दोन्ही एकत्र खाली येतात, लोअर आर्मचा कोन सुधारतो, आणि खड्ड्यात चाक आपोआप वळण्याचा दोषही आटोक्यात राहतो. ही रचना मला फार सुंदर वाटते. स्पेसर हवा तितका जाड मात्र घेता येत नाही, कारण लहान रिममध्ये बॉल जॉइंट रिमला घासू शकतो.

शाकेन या सक्तीच्या तपासणीत जमिनीपासून किमान ९ सेंटिमीटर अंतर पाहिले जाते. लोअर आर्मचा कोन मालकाने स्वतः पाहायचा असतो, तोही चाकांवर भार असताना; जॅकवर लटकलेल्या चाकांवरून तो कळत नाही.